उष्मांक

दवाखान्याच्या भिंतीवर मी तक्ता चिकटवला.
शंभर ग्रॅम बदाम: उष्मांक पाचशे ऐंशीच्या घरात,
प्रथिनं एकवीस, तंतू बारा,
कॅल्शियम, मॅग्नेशियम, ई जीवनसत्त्व, सगळं घसघशीत.
शंभर ग्रॅम ऑलिव्ह: उष्मांक दीडशेच्या आत,
प्रथिनं एक ग्रॅम, तेही जेमतेम,
आणि मीठ.
मीठ मी लाल पेनानं लिहिलं.

स्फाक्सहून इथवर यायला बस दीड तास घेते
आणि दीड तास खिडकीबाहेर ऑलिव्हच.
चोवीस मीटरवर एक झाड, मग पुन्हा चोवीस मीटर उघडी माती,
भांडलेल्या भावांनी अंतर मोजून घेतल्यासारखी.
अशा मुलखात मी आले होते
ऑलिव्ह कमी खा म्हणून सांगायला.

लमजद म्हणाला, वाचून दाखव, नजिया.
माझा चष्मा मेंढीनं चघळला.
रक्तदाब एकशे सत्तर, आणि वर तोंड करून हसत होता.
मी वाचलं. म्हटलं, दोन्हीतली चरबी बरीचशी एकाच जातीची,
काळजाला मानवणारी. फरक उरलेल्याचा आहे.
रोज मूठभर बदाम. ऑलिव्ह पाच, फार तर सहा,
रात्रभर साध्या पाण्यात ठेवलेली.

त्यानं आ केला.
खाली चार दात, वर एक,
तोही निघायच्या बेतात दाराशी उभा.
तक्त्यात दातांचा रकाना नव्हता.

"आणि मूठ कुणाची?
तुझी की माझी?"
त्यानं पंजा पसरला तर माझी वही झाकली गेली.
मी मूठ खोडून लिहिलं: वीस बदाम, कुटून.

मग त्यानं खिसा चाचपला. टेबलावर ठेवलं
एक सुरकुतलेलं शमलाली ऑलिव्ह,
आणि एक बदाम, वाळकी साल अजून अंगाला धरून असलेला.
"दोन्हींची घडण एकच बघ.
वर गर, आत कोय, कोयीच्या पोटात बी.
एकाचा गर खातो आपण, कोय थुंकतो.
दुसऱ्याचा गर मेंढ्यांना टाकतो, कोय फोडून बी खातो.
तू अर्धं हे मोजलंस, अर्धं ते.
आणि म्हणतेस तुलना केली."

मला वाटलं, म्हातारा पळवाट शोधतोय.
तसं बोलूनही दाखवलं, जरा कडकच.
तो उठला. बदाम माझ्यासाठी ठेवून
ऑलिव्ह मात्र तोंडात टाकून गेला.

जानेवारीत त्याच्या घरी गेले, रक्तदाबाचं यंत्र घेऊन.
पाऊस नव्हता, नुसता वारा, दाराच्या फटीतून शिट्टी घालणारा.
शादलियाचा पितळी खल जमिनीवर, तळाशी बदामाची पूड.
ती गेल्यावर तो खल माळ्यावरच होता, असं शेजारीण कुजबुजली.
शेजारी वाडग्यात पाणी, पाण्यात ऑलिव्ह.
मी मोजली. सहा.
"धुतलेलं ऑलिव्ह," तो म्हणाला,
"म्हणजे परदेशी गेलेल्या भाच्याचं पत्र.
नाव आपलंच, बाकी काही नाही."

खोलीच्या मधोमध मातीची शेगडी,
तिच्यात कोळसा नव्हता.
कोयी होत्या, वर्षभराच्या थुंकलेल्या, गिरणीतून मागून आणलेल्या,
लालबुंद, धूर न करता जळणाऱ्या.
त्यांत मधूनमधून बदामाचं टरफल तडकायचं.
माझी बोटं इतकी गारठली होती
की दंडाला पट्टा बांधता येईना.

"थांब. आधी शेकून घे," तो म्हणाला.
मग, जराशानं, निखाऱ्यांकडे हनुवटी करून:
"ह्याचे किती?"
"कशाचे?"
"तू मोजतेस ते. उष्मांक."

मला माहीत नव्हतं.
त्यानं आणखी मूठभर कोयी टाकल्या,
त्याच्या मुठीनं.

एकशे बावन्न. मी वहीत लिहिलं.
परतीच्या बसला अजून पाऊण तास होता.